बकुळीची लाखोली

कुंतलपुरात सुषेण राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या बकुळवनात धनेश पक्षी होऊन जन्माला आले होते. धनेशांची रीत मोठी नाजूक. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेते. चोच निघेल एवढीच फट ठेवते. पिल्ले मोठी होईपर्यंत नर जी फळे आणील त्यांवरच सगळ्यांचे पोट.

त्या वर्षी बकुळीला फळच धरले नव्हते. आदल्या वर्षी राणी वसुमतीने मूल व्हावे म्हणून देवीला बकुळफुलांची लाखोली बोलली होती. एक लाख फुले! बकुळीचे फूल आपले आपण गळते आणि बायका ते वेचून वाहतात. पण राणीची वृद्ध दाई धारिणी सोवळ्याची फार.

"मातीत पडलेलं फूल देवीला? छे गं बाई! फांदीवरचंच हवं," ती म्हणाली.

मग सेवकांनी शिड्या लावून कळ्यांसकट सारे वन ओरबाडले. तरी लाख भरले नाहीत, म्हणून यंदाही शिड्या निघाल्या.

बोधिसत्त्व रोज तीन डोंगर पालथे घालीत, तेव्हा कुठे दोन-चार उंबरे मिळत.

"अहो, तुम्ही काही खाल्लंत का?" ढोलीतून मादीने विचारले.

"खाल्लं की."

"खोटं. आवाज बघा किती खोल गेलाय."

"मग राणीलाच भेटून येतो."

"माणसांत जाता? बाण लागला तर आम्हाला कोण भरवील?"

"न गेलो तर पुढच्या वर्षीही फळ नाही. दिवस मावळायच्या आत येतो," बोधिसत्त्व म्हणाले.

राणी दाईबरोबर अंगणात फुले मोजीत बसली होती. बोधिसत्त्व कठड्यावर उतरताच पहारेकऱ्याने धनुष्य उचलले. राणीने त्याला थांबवले.

बोधिसत्त्व मनुष्यवाणीने म्हणाले, "महाराणी, तुम्हाला लेकरू हवंय. माझी तीन लेकरं ढोलीत उपाशी आहेत. फूल कळीतच खुडलं, तर फळ कुठून धरेल?"

राणीने हातातले फूल खाली ठेवले. ती म्हणाली, "पक्षिराज, तुमच्या ढोलीत मी रोज द्राक्षं पाठवीन. मग तर झालं?"

बोधिसत्त्वांच्या पोटात दोन दिवस काही नव्हते. तरी ते म्हणाले, "त्या वनात आणखी अकरा ढोल्या आहेत. खारी आहेत, माकडं आहेत. माझ्या एकट्याच्या घरी ताट नको. शिड्या तेवढ्या परत बोलवा."

"आणि माझं व्रत?" राणीने विचारले. "ते मोडलं तर?"

"मोडायचं कशाला? पहाटे झाडाखाली धुतलेलं वस्त्र अंथरा. झाड आपणहून फूल सोडतं आणि फळ मागे ठेवून घेतं. जे सोडलं ते तुमचं."

"अन् लाख कधी भरायचे? माझे डोळे मिटल्यावर?" धारिणीने नाक मुरडले.

राणीला हसू आले. "दाई, देवीला घाई आहे हे तुला कुणी सांगितलं?"

त्याच दिवशी शिड्या परतल्या. बकुळीला फळ धरेपर्यंत राजाची फळबाग रानातल्या सगळ्या जिवांना मोकळी झाली.

महिन्याभराने राणी दाई-दासींसह पहाटे वनात गेली, तेव्हा मादी ढोलीचे लिंपण फोडीत होती. एकेक करून तीन पिल्ले बाहेर आली. धाकट्याने उडी घेतली, ते भेलकांडले, खाली येऊ लागले. राणी हात पसरून पुढे धावली.

"अगं बाई, सांभाळ रे बाळा!" सगळ्यात मोठ्याने ओरडली ती धारिणी.

पिल्लाने पंख मारले आणि फांदी धरली.

पूर्वजन्माची एवढी कथा सांगून भगवंत म्हणाले, "ती मादी म्हणजे यशोधरा. राणी वसुमती म्हणजे आज संघाला भोजन वाढणारी ही उपासिका, आणि दाई धारिणी म्हणजे मागे बसलेली तिची सासू. धनेश मी होतो."

आपल्या पिल्लाच्या भुकेत साऱ्या रानाची भूक ओळखणे, हीच मैत्री पारमिता, मैत्रभावाची परिपूर्णता.