गल्लीला सांगून ये

"अप्पा, आपण भिक्षा कधीपर्यंत मागायची?"

अप्पा उंबऱ्याशी बसून झोळीचा उसवलेला बंद शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"का रे? पाय दुखले?"

"पाय नाही."

"मग?"

गुरुपाद खाली गल्लीकडं बघू लागला.

सोलापूरच्या बाजारगल्लीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर अप्पांचा लहानसा मठ होता. खाली दोन्ही बाजूंना खाण्याच्याच जिनसा. कुठं शेंगाचटणी, कुठं कडक भाकरी, कुठं टोस्ट-खारी. रोज अंघोळ उरकली की त्यांचा शिष्य गुरुपाद झोळी घेऊन जिना उतरायचा.

तो काशीला शिकून आला होता. केळीवाल्या नरसव्वाला त्याचं काहीच नव्हतं.

"थांब तिकडं. गिऱ्हाईक अडतंय," ती म्हणायची. मग तो झोळी घेऊन उन्हात उभा. चांगलं डोकं तापेपर्यंत.

आणि काल राजशेखर शेठ येऊन गेले होते. गावाबाहेर टेकडीवर त्यांनी अप्पांसाठी मठ बांधला होता. वर्षाचं धान्य ते देणार होते, स्वयंपाकीही. उद्या सकाळी ते उत्तर न्यायला येणार होते.

"टेकडीवर शांतता आहे, अप्पा. वाचन होईल. कुणापुढं हात पसरायला नको."

"बरं. जाऊ."

गुरुपाद बघतच राहिला. वाद घालावा लागेल, म्हणून तो रात्रभर शब्द जुळवत होता.

अप्पांनी दोरा दातांनी तोडला.

"इतकी वर्षं त्यांचं खाल्लं. गल्लीला सांगून ये."

…

महानंदाबाई उखळात शेंगदाणे कांडत होत्या. गुरुपादानं सांगितलं, आम्ही टेकडीवर चाललो, उद्यापासून भिक्षेला येणार नाही.

मुसळ थांबलं.

"आमच्याकडून काही चुकलं का?"

"नाही हो."

"परवा मीठ जास्त पडलं होतं. मला मागाहून कळलं. अप्पांनी खाल्ली का ती चटणी?"

"खाल्ली."

"काही बोलले नाहीत?"

"नाही."

महानंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गुरुपाद तिथून निघाला.

पुढं यासीनभाईंची बेकरी. त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला.

"पहिल्या भट्टीचा माल तुम्हाला मिळत नाही, म्हणून का? ती भट्टी माल नेणाऱ्या गाडीवाल्यांची असते. उद्यापासून तुमचं आधी काढतो."

"तसं नाही, यासीनभाई."

"मग कसं? सांगा तरी."

काशीला गुरुपादानं भल्याभल्यांना निरुत्तर केलं होतं. इथं त्याला एक वाक्य सापडेना.

बातमी त्याच्या पुढं धावली होती. भाकरीवाली, चिवडेवाला, ताकवाला, जो तो दुकानाच्या पायरीवर येऊन तेच विचारत होता. आमचं काही चुकलं का?

नरसव्वाच्या गाड्यापाशी एक बाई भाव करत होती. गुरुपाद नेहमीसारखा बाजूला उन्हात जाऊन उभा राहिला.

नरसव्वानं बाईला थांबवलं आणि त्याच्याकडं वळली.

"मी तुला उन्हात उभं करते, म्हणून चाललास व्हय?"

गुरुपादाला खोटं बोलता येईना.

"हो," तो म्हणाला.

नरसव्वा केळी सारखी करत राहिली. सारखीच होती ती.

"मालक गेल्यापासून दिवसभर माझ्याशी कोण बोलतंय? डझन केवढ्याला, कमी कर की, एवढंच. तू भाव विचारत नाहीस…"

ती थांबली.

"म्हणून थांबवून घ्यायची. कुणीतरी उगंच उभं राहिलंय, असं वाटायचं. तुझ्या डोक्यावर ऊन येतं, हे नाही आलं ध्यानात."



तिनं गाड्यावरचं गोणपाट ओढून पुढं केलं.

"ये. हिकडं सावलीत ये."

तो गोणपाटाखाली जाऊन उभा राहिला. गिऱ्हाइकं आली, गेली. दोघं फारसं बोलली नाहीत. ऊन कलू लागलं, तरी तो तिथंच होता.

निघताना तिनं दोन केळी पुढं केली. गुरुपादानं दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि मान वाकवली. आजवर त्यानं झोळीच पुढं केली होती.

…

"सांगितलंस?" अप्पांनी विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"माफी मागत होते, अप्पा… माझी."

अप्पांनी त्याच्यापुढं ताट सरकवलं. भाकरी, चटणी, वाटीभर ताक, आणि केळी.

गुरुपाद सावकाश जेवला. मध्येच थांबून ताटाकडं बघायचा. यातलं काय कुणाच्या हातचं, हे त्याला आज कळत होतं. प्रत्येक घासाला कुणाचा ना कुणाचा चेहरा पुढं यायचा, आणि आतून भरून यायचं.



सकाळी राजशेखर शेठ आले. अप्पांनी गुरुपादाकडं पाहिलं.

"शेठ," गुरुपाद हात जोडून म्हणाला, "तुमचं मन फार मोठं आहे. पण आम्ही इथंच राहतो."

शेठ भले गृहस्थ होते. त्यांना राग आला नाही.

"तुमची मर्जी. मग धान्य इथं पाठवतो. तेल, तूप, सगळं. मठाला कशाची उणीव भासू देणार नाही."

खालून दुकानांच्या फळ्या निघाल्याचे आवाज येत होते.

अप्पा म्हणाले, "थोडी उणीव राहू द्या, शेठ. या गल्लीला द्यायला आमच्याकडं दुसरं काही नाही."