झेंडूचा जाड हार

गाड्या आपसांत बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. दसऱ्याला मालकीणबाईंनी डिझेलगाडीला झेंडूचा जाड हार घातला आणि पेट्रोलगाडीला बारीकसा. "ही थोडं पिते आणि लांब जाते," त्या डिझेलगाडीकडे बघत कौतुकाने म्हणाल्या.

पेट्रोलगाडी जळफळली. तिने कुंपणाजवळच्या झेंडूच्या झाडाला विचारलं, "माझ्यात काय कमी आहे?"

"तू जास्त पितेस, तुझ्या धुराने उष्मा वाढतो. ती कमी पिते, पण तिच्या काजळीने माझी फुलं काळवंडतात."

"मग जाड हार मलाच हवा होता."

"पूर्वी हार माझ्याच फुलांचे व्हायचे," झाड म्हणालं. "यंदा उष्म्याने आणि काजळीने माझी फुलं हाराजोगी राहिलीच नाहीत, बाईंना बाजारातून आणावी लागली. तुझ्यातूनच गेल्या होत्या."

पेट्रोलगाडीची नजर मात्र शेजारणीच्या हारावरच होती.