शेवंतीच्या वाफ्यातलं बारसं

एक होता राजा, पण गोष्ट त्याची नाही, बरं का. गोष्ट त्याच्या धाकट्या बहिणीची, चंद्रकळेची. तिच्या पायाला भिंगरीच होती. जेवताना उठायची, बोलता बोलता पळायची. राजा कौतुकानं म्हणायचा, "भटकभवानी कुठली!"

तिचा सगळा जीव शेवंतीच्या वाफ्यात. आईनं देवाघरी जाताना तो तिच्या हाती सोपवला होता. मग एकदा काय झालं, वाफ्यात अंथरलेल्या पालापाचोळ्यावर पिवळंधमक काहीतरी उगवलं. कुणी पिठलं सांडावं तसं! सकाळी एका रोपापाशी, दुपारी दुसऱ्या, तिन्हीसांजेला तिसऱ्या. म्हणजे चालत होतं की हो!

राजा घाबरला. त्यानं आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "माझं पिठलं नाही." वैद्याला विचारलं. तो म्हणाला, "माझा लेप नाही." सेनापती तर लांबूनच म्हणाला, "आपल्या शत्रूंत असलं कुणी नाही."

मग राजा म्हणाला, "ज्याला नाव नाही, त्याला माझ्या बागेत जागा नाही. उद्या वाफाच जाळून टाका!"

चंद्रकळेनं ते ऐकलं. आईची शेवंती जाळणार? उजाडताच ती वाफ्यापाशी जाऊन बसली. हो, बसली! पाय शिवशिवले, मुंग्या आल्या, पण उठली नाही. मग तिला दिसलं. ते पिवळं शेवंतीला तोंडसुद्धा लावत नव्हतं. कुजक्या पाचोळ्यातलं बारीकसारीक खात हळूहळू पुढे सरकत होतं. एका जागी म्हणून थांबत नव्हतं.

तेवढ्यात राजा मशाल घेऊन आला.

"दादा, थांब. नाव नाही ना? मग आधी बारसं. तुझ्या बागेत जन्मलं, म्हणजे तुझंच. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या मी!"

ती वाकली. आता त्याचा कान कुठे, देव जाणे! तरी तिनं "कुर्रर्र" केलं आणि मोठ्यानं नाव सांगितलं, "भटकभवानी!"

राजाचा हात तिथंच थांबला. त्या नावाला तो आग कशी लावणार? त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "मशाल विझवा. घुगऱ्या आणा."

मग सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. पुढे ते पिवळं वाळलं, त्याची तपकिरी भुकटी झाली आणि वाऱ्यावर निघून गेली. भटकायलाच, दुसरं काय! शेवंती मात्र भरभरून फुलली, आणि बहीणभाऊ सुखानं राहिले.

आता तुमची चुळबुळ पुरे. का तुमच्याही कानात कुर्रर्र करू? मिटा बघू डोळे.