तीन हैबती आणि परटिणीचं गाठोडं

निमगडचा राजा उदाजीराव पोटदुखीने पलंगावर आडवा झाला होता, आणि एक पैलवान तेल लावून त्याचं पोट रगडत होता. राजाला खरं तर वैद्य हवा होता. पण त्याच्या तोंडून शब्द गेले ते एवढेच, "हैबतीला बोलवा." निमगडची रीत अशी, की हुजऱ्याने राजाचा शब्द जसाच्या तसा पोचवायचा. त्यात भर घालायची नाही आणि उलट विचारायचं नाही. हुजऱ्याला वाटेत जो हैबती आधी भेटला, तो त्याने आणला.

गावात हैबती तीन होते आणि तिन्ही नामांकित. हैबती पैलवानाची पाठ दहा वर्षांत मातीला लागली नव्हती. हैबती वैद्याच्या काढ्यासाठी लोक वाटेत मुक्काम करून येत. हैबती सनईवाला आल्याशिवाय पंचक्रोशीत अक्षता पडत नसत. वेशीबाहेर हैबतबाबाचं ठाणं होतं, आणि बाबाच्या नवसाने झालेल्या मुलाचं नाव हैबती ठेवायचं, हा तिथला नेम होता.

पोट रगडलं गेलं बुधवारी. शुक्रवारी राजकन्येच्या साखरपुड्याला सनई हवी होती, तर वैद्य जुलाबाचं औषध घेऊन हजर झाला. होणाऱ्या व्याह्यांनी ते सरबत समजून घेतलं. साखरपुडा लवकर आटोपला.

शनिवारी सकाळी राजाने हुकूम काढला, की निमगडात यापुढे हैबती एकच राहील, बाकीच्या दोघांनी नाव टाकावं. तिघांच्याही आया वाड्यापुढे येऊन बसल्या. नाव टाकलं तर नवस मोडणार होता. नवस मोडला तर बाबा काय करील ते त्यांना सांगता येईना, म्हणून त्या नुसत्याच बसून राहिल्या.

राजा दिलेला शब्द मागे घेणाऱ्यांतला नव्हता. पण ठेवायचा कोणता हैबती, हेही त्याला ठरवता येईना. तेव्हा कारभाऱ्याने सुचवलं, की वाड्याची परटीण सगुणा बारा वर्षं तिघांचे कपडे धुते आहे, आणि एकाचं धोतर दुसऱ्याकडे गेल्याचं अजून ऐकलेलं नाही.

सगुणा आली. राजाने तिला काम सांगितलं.

"तिघांतला एक तू निवड. वय बघायचं नाही, गुण बघायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. आणि उरलेले दोघे खुशीने घरी गेले पाहिजेत. उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर घाट सोडायचा."

त्या घाटावर सगुणाची भट्टी होती. तिच्या आधी तिच्या सासूची आणि त्याआधी आजेसासूची. दुसरीकडे कुठे नदीत उतरायला जागा नव्हती. सगुणाने सगळ्या अटी एकदा मोठ्याने म्हणून पाहिल्या, बरोबर आहेत ना ते विचारलं, आणि ती गेली.

रविवारी दुपारी ती दरबारात गाठोडं घेऊन आली. तिन्ही हैबती उभे होते. तिने त्यांच्यापुढे तीन धोतरं पसरली. एकाच्या कोपऱ्याला बिब्ब्याचा एक ठिपका होता, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला आडवी रेघ. धुतल्याने न जाणारी ही खूण परीट नेहमीच करतात.

"म्हणजे माणसांनाही बिब्बा लावायचा म्हणतेस?" राजाने विचारलं.

"नाही सरकार. आपण कोणाचं, ते धोतराला ठाऊक असतं. विसरते मी. खूण माझ्यासाठी असते."

कारभाऱ्याला खोकला आला. राजाला मुद्दा समजला होता, पण तो मान्य करायचा नव्हता. बोलावताना खुणा सांगत बसणं राजाचं काम नाही, असं तो म्हणाला. एका नावाचा एकच राहील म्हटलं म्हणजे एकच राहील.

"बरं," सगुणा म्हणाली, आणि तिने गाठोड्यातून दोन जरीचे अंगरखे काढले. एक राजाचा होता. दुसरा विटका, राजाच्या आजोबांचा. दसऱ्याच्या पूजेला राजा तो दरवर्षी घालत असे. आजोबांचंही नाव उदाजीराव होतं.

"हैबतींचं मागून बघते. आधी वाड्यातलं निस्तरू दे. उदाजीराव दोन आहेत."

"आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली."

"लोकांच्या तोंडी आहेत ना सरकार. एका उदाजीरावांनी तळं बांधलं. एका उदाजीरावांनी पोट दुखलं म्हणून पैलवान आणवला. कालच घाटावर एक पाहुणी विचारत होती, तळं बांधणारे ते हेच का." तिने दोन्ही अंगरखे राजापुढे धरले. "हुकमाप्रमाणे एकच ठेवायचा. वय बघायचं नाही, गुण बघायचे नाहीत. आणि उरलेल्याने खुशीने घरी जायचं. कोणता ठेवू?"

राजाने विटक्या अंगरख्याकडे पाहिलं. मग आपल्या अंगरख्याकडे पाहिलं. तेवढ्यात राजाच्या पोटातून एक आवाज आला, तसा हैबती पैलवान सवयीने पुढे सरसावला. पण ते हसू होतं. राजा इतका हसला, की डोळे पुसायला त्याने हाताशी आला तो अंगरखा घेतला, आणि तो आजोबांचा निघाला.

"दोन्ही ठेव," तो म्हणाला. "आणि ते तिघेही राहू देत."

बाहेर बसलेल्या तिन्ही आया उठून घरी गेल्या. हुजऱ्याला नवा हुकूम झाला, की यापुढे निघण्याआधी "कोणता?" म्हणून विचारत जावं. घाट सगुणाला पिढ्यान्‌पिढ्या दिला, आणि तिथे तिच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. त्यावर काय कोरायचं, ते राजाने तिलाच विचारलं.

"सगुणा कोरा," ती म्हणाली. "आणि खाली माझे तीन ठिपके द्या. घाटावर सगुणा चौघी आहेत."