न कुजलेले उपरणे

एकदा एक माणूस आपले आठ एकर निर्मळ रान मागे ठेवून, मनात एक तक्रार घेऊन, आपल्या वृद्ध गुरूच्या टेकडीवर चढला. त्याचे नाव त्र्यंबक. तरुणपणी तो याच टेकडीवर सात वर्षे विद्या शिकत राहिला होता. मग वडील गेले, आणि नदीकाठची शेती सांभाळायला त्याला घरी परतावे लागले. त्या गोष्टीला आता चोवीस वर्षे झाली होती.

गुरुजी फार थकले होते. नजर अधू झाली होती. दारात कोणी उभे आहे एवढेच त्यांना कळले.

“गुरुजी, मी त्र्यंबक.”

“ये, ये. आवाज बसलाय का रे तुझा?”

“नाही गुरुजी. वापरात नाही एवढंच. तीन-तीन दिवस बोलायला कोणी नसतं.”

हे तो हसत हसत म्हणाला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी त्याला पाणी दिले आणि समोर बसवून घेतले.

त्र्यंबकने मग सगळे सांगितले. शेतात त्याने कशाचीही कसर ठेवली नव्हती. बांधावरच्या झाडांची सावली पिकावर पडते, म्हणून झाडे तोडून टाकली. निंदणीला येणाऱ्या बायका कामापेक्षा गप्पा जास्त मारतात, म्हणून तणनाशक आणले आणि त्यांना नको म्हणून सांगितले. धुळा नावाचा एक मेंढपाळ दरवर्षी वडिलांच्या रानात खतासाठी आपला कळप रात्री बसवायचा. मेंढ्यांच्या लेंड्यांतून तणाचे बी येते, म्हणून त्यालाही बांधावरूनच परत पाठवले. काढणी झाली की उरलेली धसकटे पेटवून द्यायची, म्हणजे रान एका दिवसात मोकळे. बैल विकले. किडा दिसो न दिसो, ठरल्या दिवशी औषध फवारले. पहिली काही वर्षे पीक असे आले की लोक पाहायला यायचे.

“आणि आता?” गुरुजींनी विचारले.

“आता निम्मंसुद्धा येत नाही. पाऊस झाला की वर नुसता चिखल, आत वीतभर खाली कोरडं ठणठणीत. ऊन पडलं की जमीन फरशीसारखी होते. दुकानदार म्हणतो, मात्रा वाढवा. ती वाढवली, तेवढ्यापुरतं हिरवं दिसलं आणि पुन्हा पिवळं पडलं. गुरुजी, माझं चुकलं कुठं? इतकं स्वच्छ रान पंचक्रोशीत नाही.”

“घरी कोण कोण असतं?”

प्रश्न अस्थानी वाटला, तरी त्र्यंबकने उत्तर दिले. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली होती. मुलगा शहरात नोकरीला होता. दिवाळीला येई आणि तिसऱ्या दिवशी निघून जाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून टेकडी उतरले. आषाढ सरत आला होता. पेरणी होऊन पीक वितीएवढे वर आले होते, पण ओळीत मध्ये मध्ये खंड होते. गुरुजी रानाच्या मधोमध जाऊन खाली बसले. मातीचे एक ढेकूळ उचलून त्यांनी नाकाशी नेले, बराच वेळ तसेच धरले आणि होते तिथे परत ठेवले. मग अंगावरचे सुती उपरणे काढून त्यांनी मधोमध टर्रकन फाडले.

“गुरुजी, हे काय!” त्र्यंबक कळवळला. ते उपरणे त्यानेच गुरुपौर्णिमेला पाठवले होते.

“खड्डा कर. इथे, वीतभर खोल.”

उपरण्याचा एक तुकडा त्यांनी तिथे पुरायला लावला. दुसरा तुकडा घेऊन ते ओढ्याकडे निघाले. तिथे बाभळींखाली पाच-सहा गुंठ्यांचा एक वेडावाकडा तुकडा होता. नांगर आत जात नसल्यामुळे त्र्यंबकने तो कधीच सोडून दिला होता. पाल्यापाचोळ्याचा थर, करवंदाच्या जाळ्या, कोणाकोणाच्या शेळ्यांच्या लेंड्या. त्र्यंबकला तिकडे पाहायलासुद्धा लाज वाटे. दुसरा तुकडा तिथे पुरला गेला. दोन्ही ठिकाणी खुणेला काठ्या रोवल्या.

“दोन महिन्यांनी येईन. तोवर उकरायचं नाही.”

“पण यातून कळायचं काय?”

“ते तूच मला सांग,” असे म्हणून गुरुजी परत गेले.

ते दोन महिने त्र्यंबकला फार लांब वाटले. सकाळी रानात जावे, काठीपाशी उभे राहावे, परत यावे. भाद्रपदात पीक पुन्हा पिवळे पडले तेव्हा त्याने सवयीने एकदा औषध फवारले, त्या काठीभोवतीसुद्धा. संध्याकाळी शेजारच्या रानातून बायकांचे हसणे ऐकू येई. कशाला हसतात ते कळत नसे, आणि विचारायला जावे असे आता राहिले नव्हते. पत्नी गेल्यापासून तो ताट घेत नव्हता. पातेल्यातच कालवून उभ्या उभ्या जेवत होता. एका माणसासाठी ताट कशाला खरकटे करायचे, असा त्याचा हिशेब होता.

आश्विन लागला आणि गुरुजी आले. त्यांनी आधी रानातला तुकडा काढायला सांगितला. त्र्यंबकने माती बाजूला केली, कापड झटकले, ओढ्याच्या पाण्यात खळबळून आणले. ते जसेच्या तसे होते. काठ शाबूत, वीण शाबूत. डाग तेवढे पडले होते. उद्या कोणी खांद्यावर टाकावे असे कापड!

मग बाभळींखालची काठी काढली. तिथे कापड सापडेना. हातांनी माती चाळावी लागली. माती काळी, भुसभुशीत होती, बोटांना चिकटत होती. अखेरीस काठाचे चार धागे तेवढे हाती लागले.

त्र्यंबकचा चेहरा उजळला. “पाहिलंत गुरुजी? माझ्या रानानं तुमच्या कापडाला धक्कासुद्धा लावला नाही. इथल्या घाणीनं मात्र खाऊन टाकलं. म्हणजे माझी जमीन शुद्धच आहे.”

गुरुजी ते अखंड कापड हातात घेऊन बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, “त्र्यंबका, एखाद्या घरात ताट वाढून ठेवलं आणि दोन महिन्यांनी जाऊन पाहिलं. ताट तसंच्या तसं. तर त्या घराला तू शुद्ध म्हणशील का?”

त्र्यंबक त्या कापडाकडे पाहू लागला.

“घरात कोणी नाही, असंच म्हणशील ना? बाबा रे, मूठभर मातीत डोळ्यांना न दिसणारे अगणित जीव नांदत असतात. पाला, मुळं, धसकटं, शेण, सुती कापड, जे मातीत पडेल ते त्यांचं अन्न. ते जेवतात म्हणून पिकाला जेवण मिळतं. त्यांच्या जाण्यायेण्यानं ज्या वाटा पडतात, त्यांतून पाणी आत उतरतं. तू धसकटं जाळलीस, त्यांचं अन्न गेलं. झाडं तोडलीस, त्यांची सावली गेली. उरले होते ते औषधानं गेले. तू कोणाशी भांडला नाहीस, हे मी जाणतो. तू एकेकाला फक्त अडचण म्हणालास.”

त्र्यंबकच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर आले. फळीवर उपडी घातलेली ताटे आली. त्याने मान खाली घातली. मग विचारले, “परत भरेल का हे रान?”

“भरेल. पण बोलवावं लागेल. आणि एकदा घालवलेलं कोणी, बोलावल्याबरोबर येत नसतं.”

“किती वर्षं लागतील?”

“मी पाहीन इतकी कमी नाहीत,” गुरुजी म्हणाले आणि उठले.

त्या वर्षी काढणी झाल्यावर त्र्यंबकने काडी ओढली नाही. धसकटे, पाला, ओढ्याकाठचा पाचोळा, सगळे रानात पसरले. लोक म्हणाले, याचे हातपाय चालेनासे झाले. मग एके दिवशी तो धुळा मेंढपाळाचा शोध घेत दोन गावे ओलांडून गेला. माळावर मेंढ्या चरत होत्या. धुळा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्याचेही केस पिकले होते.

“धुळादादा, यंदा आमच्या रानात कळप बसवाल का?”

दादा हा शब्द ऐकून धुळाने नजर वर केली. “आमच्या मेंढरांच्या लेंड्यांतनं तण येतंय म्हनला हुता, मालक. माझ्या पोरांदेखत.”

“म्हणालो होतो. चुकलं माझं.”

धुळाने मान हलवली. “यंदा न्हाई जमायचं. दुसरीकडं शबूद दिलाय.”

त्र्यंबक तसाच परत आला. वाट लांब होती आणि सोबतीला कोणी नव्हते. पण पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला. या खेपेस धुळाने त्याला बसायला घोंगडे टाकले, चहा दिला, आणि आठ रात्री बसवीन म्हणून कबूल झाला. कळप उत्तरेकडच्या कोपऱ्यात बसला. नंतरच्या वर्षी धुळा न बोलावता आला, आणि कळप त्याच कोपऱ्यात बसला.

पीक मात्र वाढले नाही. पहिली दोन वर्षे तर आणखी घटले. तण माजले, ते हाताने काढावे लागले. निंदणीच्या बायकांना निरोप धाडला. दोघी आल्या, बाकीच्या आल्या नाहीत. बांधावर लावलेल्या रोपांतली निम्मी वाळली. माघात टेकडीवरून निरोप आला की गुरुजी गेले. त्र्यंबक धावत गेला, तोवर सगळे आटोपले होते. ‘भरलं का रान, गुरुजी?’ असे ज्याला विचारावे, असा माणूस आता उरला नव्हता.

त्यानंतरच्या पावसाळ्याची गोष्ट. चार सरी होऊन, माती नांगरण्याजोगी वाळून वाफसा आला होता. नांगरटीसाठी त्र्यंबकने शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणली. कोणाकडे काही मागण्याचीही त्याला नव्याने सवय करावी लागली होती. रानात जिकडे तिकडे अजून ढेकळेच निघत होती. उत्तरेकडच्या कोपऱ्यात नांगर वळला तेव्हा त्याचा आवाज बदलला. खरखर थांबली. फाळ लोण्यातून जावा तसा जाऊ लागला. त्र्यंबकने वाकून पाहिले. उलटलेल्या मातीत तीन-चार गांडुळे वळवळत होती.

तो तसाच उभा राहिला. कोणाला तरी हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडले. रानात कोणी नव्हते.

त्याने बैलांना पुन्हा चालते केले. थोडे अंतर गेल्यावर मागे पंखांची फडफड झाली. एक बगळा नांगराने पाडलेल्या तासात उतरला होता. मग दुसरा, मग आणखी दोन. नांगरामागून ते चोचीने मातीतले किडे टिपत, एक एक पाऊल टाकत येऊ लागले.

त्र्यंबकने मागे वळून पाहिले नाही. वळून पाहिले तर ते उडून जातील, अशी त्याला भीती वाटली. त्याने कासरा जरा सैल सोडला, बैलांची चाल हळू केली, आणि मागून येणाऱ्यांना आपल्या बरोबरीने येता येईल अशा बेताने तो पुढे चालत राहिला.