दुसरी घोंगडी

"माई, संन्याशाला एवढा संसार कशाला लागतो?"

सुधन्वा उंबऱ्यात उभा राहून विचारत होता. आत गिरिजामाई जमिनीवर बसून पाठपिशवी भरत होत्या. सत्तू, गूळ, सुंठ, लोकरीचे मोजे, दोरी, वर रॉकेलचा लहानसा स्टोव्ह.

माई मूळच्या वाईकडच्या. तरुणपणी हिमालयात आल्या आणि खिंडीखालच्या या शेवटच्या गावातच राहिल्या. दीक्षा मागायला येणाऱ्याला त्या एवढंच सांगत, "आधी माझ्याबरोबर खिंड ओलांड. मग बघू." पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या स्वतःच वर गेल्या नव्हत्या. गावात आता उघड बोलत, माईंना काही पुन्हा खिंड दिसायची नाही.

यंदा दीक्षा मागायला आलेला सुधन्वा रेगे मालवणचा. अंगाने काटक, चालायला वाघ. एका झोळीवर त्याने नर्मदा परिक्रमा केली होती, आणि वाटेत कुणापुढे हात पसरला नाही, हे तो न विचारता सांगे.

"माझं सामान हे." त्याने झोळी पुढे केली. एक पंचा, एक पातळ शाल, कमंडलू.

माईंनी झोळीकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली घोंगडी उचलून पिशवीत कोंबली. तिच्यावर आणखी एक.

"दोन?"

"दोन."

"दुसरी कोणाची?"

"मागेल त्याची."

सुधन्वा हसला. "वर कोण येणार आहे मागायला?"

माई पिशवीची नाडी आवळत राहिल्या.

शेवटच्या कुरणापर्यंत पिशवी खेचरावर आली. तिथून खेचर मागे वळलं आणि माईंनी ती पाठीवर घेतली.

"मी घेऊ का?" सुधन्वाने विचारलं.

"अजून नको."

तो पुढे, त्या मागे. हवा विरळ होत गेली. चार पावलं टाकली की माई काठीवर रेलून उभ्या राहत. सुधन्वा वर थांबे, खाली बघे, आणि आपल्या मोकळ्या खांद्यांचं त्याला कौतुक वाटे.

खिंडीच्या अलीकडे मेंढपाळांनी रचलेला दगडांचा आडोसा होता. दोघं तिथे टेकली, आणि भर दुपारी आभाळ काळवंडलं. वारा सुटला. बर्फ पडू लागलं... आधी भुरभुर, मग आडवं.

सुधन्वाने शाल लपेटली. ती वाऱ्यापुढे नसल्यासारखीच होती.

माईंनी पिशवी उघडली. दोन्ही घोंगड्या काढल्या. घडी न मोडता दोघांच्या मधे ठेवल्या, आणि हात काखेत घालून बसल्या.

"माई, तुम्ही पांघरा ना."

"पांघरीन."

"केव्हा?"

"तुझं झालं की."

"मला नको. मला सवय आहे."

"बरं."

वारा दगडांच्या फटींतून शीळ घालत होता. सुधन्वाचे दात वाजायला लागले. त्याने जबडा घट्ट मिटला, तर हात कापू लागले. त्याने माईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ निळसर पडले होते. डोळे मात्र शांत, त्याच्यावरच.

ही बाई खरंच इथे बसून गोठेल.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुमच्यासाठी म्हणून घेतो."

त्याने हात पुढे केला. माईंनी आपला तळवा घोंगडीवर ठेवला.

"माझ्यासाठी नको."

त्याचा हात तसाच हवेत राहिला. 'मला द्या', एवढे साधे दोन शब्द होते. लहानपणी आई गेली, त्यानंतर त्याने ते कुणालाच म्हटले नव्हते. उपाशी राहिला, तापाने फणफणला, पण म्हटले नव्हते.

"माई..."

माईंनी तळवा उचलला नाही.

"माई, मला थंडी वाजतेय." आणि मग बांध फुटावा तसा तो म्हणाला, "फार वाजतेय. मला घोंगडी द्या."

माई खुदकन हसल्या. त्यांनी घोंगडी उलगडली, त्याच्या डोक्यावरून घेतली, आईने घ्यावी तशी गळ्यापाशी खोचली. मग आपली पांघरली आणि आखडलेल्या बोटांनी स्टोव्ह पेटवला. सुंठ घातलेलं गुळाचं पाणी दोघं एकाच भांड्यातून प्यायली. सुधन्वा रडत होता. त्याला लाज वाटत नव्हती, याचंच त्याला नवल वाटत होतं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

माईंनी पिशवी त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती एका दमात पाठीवर चढवली. वजन चांगलंच होतं. तरी पाय झपाझप पडत होते.

खिंडीच्या तोंडाशी बर्फाचा एक उभा चढ होता. सुधन्वाने टाचा रोवत तो पार केला, दोरी सोडली आणि खाली वाकला. माईंनी दोरी कमरेला बांधली. माथ्यापासून हातभरावर त्यांचा गुडघा मुडपला. त्या तिथेच थांबल्या, धापा टाकत वर पाहिलं.

"सुधन्वा, हात दे. मला एकटीला जमत नाही."

त्याने दोन्ही हात दिले.

पुढच्या क्षणी त्या वर होत्या. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडत होते. पलीकडे शिखरांमागे शिखरं, सगळी उन्हात पेटलेली. गाव जे म्हणत होतं, ते खाली राहिलं होतं.

सुधन्वाचा ऊर भरून आला. पण एवढ्या मोठ्या ठिकाणी काहीतरी रीत असेल, असं वाटून तो हात जोडून, डोळे मिटून ताठ उभा राहिला.

"माई," त्याने हळूच विचारलं, "इथे बसून ध्यान करायचं असतं का?"

त्याने डोळे उघडले.

माईंनी काठी आभाळाकडे उंचावली होती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि अशी आरोळी ठोकली, की समोरच्या कड्यांनी ती आळीपाळीने परत दिली.

मग त्या त्याच्याकडे वळल्या.

"अरे, आधी ओरडून घे. गप्प बसायला खाली जागा पुष्कळ आहे!"