चितेवर गेलेले आढे

शाल्मलीपूर नगरात उदयसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका लाकूडव्यापाऱ्याच्या कुळात जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. नदीकाठी त्याची मोठी वखार होती आणि कुंडक नावाचा व्यापारी तीत अर्ध्याचा भागीदार होता.

एका साली सोमिल लाकूड आणायला दूरच्या अरण्यात गेला असताना नगरात धरणीकंप झाला. मातीच्या भिंती बसल्या, माणसे खाली गाडली गेली. तो परतला तेव्हा निम्मे नगर उघड्यावर होते. कालपर्यंत स्वतःच्या घरात राहणारे लोक आता दुसऱ्यांच्या गोठ्यांत भाड्याने राहत होते आणि त्या भाड्यापायी त्यांचे एकेक भांडे बाजारात जात होते. लाकडाचे भाव आभाळाला भिडले होते. त्यातच राजाने दवंडी पिटवली की, पावसाळ्यापूर्वी ज्या जागेवर छप्पर उभे राहणार नाही, ती जागा पडीक समजून राजाकडे जमा होईल. दवंडी पिटवायला राजाला काहीच खर्च आला नाही.

सोमिलला एक गोष्ट उमजेना. भिंत पडली तरी आतले लाकूड सहसा धड राहते. मग या लोकांची आढी आणि वासे गेले कुठे?

"चुलीत गेले," कुंडक म्हणाला. "रानात जाऊन काटक्या कोण गोळा करणार? आता मोजू देत चौपट."

सोमिलला ते खरे वाटले, हे सांगायलाच हवे.

मग एके दिवशी नंदिका नावाची म्हातारी तेलीण वखारीत आली. तिने एका आढ्याचा भाव विचारला, ऐकला आणि ती परत फिरली. सोमिलने तिला थांबवले.

"आई, तुमच्या घराचं आढं काय झालं?"

"जाळलं."

"चुलीत?"

"नाही हो. मालक गेले, दोन्ही मुलगे गेले, सून गेली. एवढ्यांना लाकूड आणायचं कुठून? तुमच्या वखारीला कुलूप होतं. मग घरचंच काढलं. धाकट्याला आढं लागलं."

 सोमिल नगरभर विचारत फिरला, तर सगळीकडे तेच उत्तर. ज्या घरातली जास्त माणसे गेली, त्या घराजवळ लाकूड तितके कमी उरले होते.

"दंगा होईल म्हणून मी कुलूप लावलं," कुंडक म्हणाला. "त्यात माझं काय चुकलं?"

"ते लाकूड आपण द्यायचं होतं. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचं काढून दिलं. मी आता त्यांच्याकडून दाम घेणार नाही."

"मग तुझ्या अर्ध्यातून दे. माझ्या अर्ध्याला हात लावू नकोस."

वखारीत मधोमध कुंपण पडले. सोमिलचा अर्धा भाग बघता बघता रिकामा झाला. नंदिका मात्र पुन्हा मागायला आली नाही. तिला मागण्याची सवय नव्हती. सोमिलला तिची आठवण झाली तेव्हा आभाळ भरून आले होते आणि त्याच्याजवळ थोडे वासे तेवढे उरले होते.

तो सुताराला घेऊन आपल्या घरी गेला आणि स्वतःच्या घराचे आढे उतरवायला लावले.  त्याच्या बायकोने आधी पाळणा बाहेर नेला.

नंदिकेचे छप्पर उभे राहिले. राजाचा माणूस ते पाहून गेला आणि तिची जागा तिच्याकडे राहिली. सोमिलच्या जागेवर छप्पर नव्हते, ती पडीक ठरली. त्याचा संसार वखारीतल्या त्याच्या रिकाम्या अर्ध्यात झावळ्यांखाली आला.

छप्पर उभे राहिले त्या दिवशी नंदिकेकडून निघताना त्याने विचारले, "आई, आणखी काही हवं का?"

"घर झालं, श्रेष्ठी. आता आत हाक कुणाला मारू?"

 पाऊस लागेपर्यंत सोमिल तिच्या उंबऱ्यावर बसून राहिला.

पुढे बऱ्याच जन्मांनंतर दरड कोसळून काही भिक्षूंच्या कुटी गेल्या, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगितली आणि मागच्या-पुढच्या जन्मांचा संबंध जोडून दिला. कोरडी कुटी एकट्यासाठी अडवून बसलेला भिक्षू सुनाभ त्या जन्मी कुंडक होता. भिजलेल्या भिक्षूंना आपल्या झोपडीत जागा देणारी वृद्ध उपासिका नंदिका होती. सोमिल मी स्वतः होतो, असे ते म्हणाले. म्हातारीचे दुःख त्याला मिटवता आले नाही, तिला छप्पर देता येत होते. तेवढे त्याने आपले काढून दिले. याला दानपारमिता, दानाची परिपूर्णता, म्हणतात.